सत्त्वावजय कोणी शिकावे?

चरकाचार्यांनी सत्त्वावजयास दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीचे स्थान दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु कपाशी बुडाल्यावर ‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्या अकोल्याकडील शेतकऱ्याच्या हाती आम्हीही अश्वगंधाच ठेवीत आलो! घरात फवारणीचे औषध कोठे ठेवता, हे विचारण्याचे सुचले नाही. असे विचारणे शिकावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिक मानले. केवळ पदवीस नव्हे. म्हणून विद्यापीठात समुपदेशन शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांस ‘यात पोट भरेल का?’ असे विचारून परावृत्त करू नये. अमरावतीस असा प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस आमच्या चिकित्सालयात बसणार असेल, तर त्याचे मानधन आम्ही देऊ. औषधालयाच्या मालकांनीही विचार करावा. झोपेचे औषध मागणारा प्रथम त्यांच्याकडेच येतो.