हाडांचें औषध घ्यावें कीं न घ्यावें?

परतवाड्याहून एका वाचक-भगिनीचें सविस्तर पत्र आलें आहे. त्यांच्या सासूबाईंचें वय ६८. गेल्या पावसाळ्यांत न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं पाय घसरून त्या पडल्या व मनगटाचें हाड मोडलें. त्या निमित्तानें क्ष-किरणांनीं पाठहि तपासली, तों एक मणका पूर्वींच दबलेला आढळला. त्याची वार्ता आजवर कोणासच नव्हती. डॉक्टरांनीं दर आठवड्यास एक याप्रमाणें अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. दोन गोळ्या घेतल्या, छातींत जळजळ सुरू झाली, आणि तिसरी गोळी डबींतच राहिली. इकडे पुण्यास असलेल्या पुतण्यानें कळविलें कीं, या औषधानें जबड्याचें हाड कुजतें व मांडीचें मोडतें. धाकट्या जाऊबाईंनीं लगोलग कॅल्शियमच्या गोळ्या, 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या व हाडसांधीचें चूर्ण मागविलें. आतां घरांत दोन पक्ष पडले असून, "औषध सोडून नुसत्या पूरक पदार्थांवर भागेल काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो, म्हणून त्याचें उत्तर येथेंच देत आहों. परंतु आधीं एक कसोटी ठरवून घेऊं. गोळी डॉक्टरांची असो, चूर्ण वैद्याचें असो, वा डबा बाजारांतला असो, त्यासंबंधीं दोनच गोष्टी विचाराव्या: तें घेणाऱ्यांचीं हाडें न घेणाऱ्यांपेक्षां कमी मोडलीं काय? आणि त्यापासून अपाय किती जणांस झाला? "हाडाची घनता वाढली" एवढ्यावर भुलून जाऊं नये. विदर्भांत यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. तें वर्षानुवर्षें पोटांत गेलें म्हणजे हाडें दाट होतात, पण बळकट होत नाहींत, आणि सांधे ताठतात. हेंच फ्लोराइड एके काळीं औषध म्हणून देऊन पाहिलें होतें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चार वर्षांत स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता शेंकडा ३५ नें वाढली. तरी मणके मोडण्याचें प्रमाण घटलें नाहीं, आणि इतर हाडें तर औषधहीन गोळी घेणाऱ्या स्त्रियांपेक्षां अधिक मोडलीं.

आतां गोळीचें काम काय तें पाहूं. हाड एकदां घडलें म्हणजे कायमचें झालें असें नसतें. जुनें हाड झिजविणाऱ्या पेशी आणि नवें रचणाऱ्या पेशी यांचा व्यवहार जन्मभर चालूं असतो. तारुण्यांत रचणें वरचढ असतें. पुढें दोन्हीं बाजू सारख्या राहतात. आणि स्त्रीची मासिक पाळी थांबल्यावर कांहीं वर्षें झीज झपाट्यानें वाढते. कॅल्शियम हें रचनेचें साहित्य, विटा-चुन्यासारखें. परंतु रात्रीं भिंत पाडणारा घरांत असतां दिवसा नुसत्या विटा आणून टाकल्यानें भिंत उभी राहात नाहीं. अ‍ॅलेंड्रोनेट व त्याच्या वर्गांतील औषधें त्या पाडणाऱ्यास आवरतात.

पहिल्या कसोटीस हें औषध उतरलें आहे. १९९६ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आलेला प्रयोग परतवाड्याच्या सासूबाईंसारख्याच, म्हणजे ज्यांचा एखादा मणका आधींच दबला होता अशा २०२७ स्त्रियांवर झाला. सुमारें तीन वर्षांत औषधहीन गोळी घेणाऱ्या शंभरांपैकीं १५ जणींचा नवा मणका मोडला. अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्या शंभरांपैकीं ८ जणींचा. खुब्याचें हाड हजारीं २२ ऐवजीं ११ जणींचें मोडलें. खुबा मोडणें म्हणजे काय हें ज्या घरांत घडलें त्यांस सांगावयास नको. शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीचे व्रण, परावलंबन. आणि पाश्चात्य देशांतील अनुभव असा कीं, अशा वृद्धांपैकीं पांचांतील सुमारें एक वर्षाच्या आंत दगावतो.

आतां दुसरी कसोटी, अपायाची. छातींतील जळजळ ही सर्वांत नित्याची तक्रार, आणि बहुधा गोळी घेण्याच्या रीतींत तिचें मूळ असतें. ही गोळी सकाळीं अगदीं उपाशीपोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्यानें घ्यावयाची. पुढें निदान अर्धा तास आडवें व्हावयाचें नाहीं व कांहीं खावयाचें-प्यावयाचें नाहीं. आपल्याकडे तोंड धुतलें कीं चहा. तो चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी बरोबर गेली तर औषध अंगीं लागतच नाहीं. आणि गोळी घेऊन पुन्हां अंग टेकलें तर ती अन्ननलिकेंत रेंगाळून तेथें दाह करते. रीत पाळूनहि जळजळ राहिली, किंवा अन्ननलिकेचा जुना विकार असला, तर डॉक्टरांस सांगून गोळी बदलावी. त्याच वर्गांतील झोलेड्रॉनिक आम्ल वर्षांतून एकदां शिरेवाटे देतां येतें. पहिल्या वेळीं तिघांतील सुमारें एकास ताप व अंगदुखी होते. ती दोन-तीन दिवसांत ओसरते आणि पुढल्या वर्षीं क्वचितच उद्भवते.

जबड्याचें हाड कुजण्याची गोष्ट खोटी नाहीं. २००३ पासून तिची नोंद आहे. परंतु असे बहुतेक रोगी कर्करोगाचे होते, ज्यांस हींच औषधें दरमहा मोठ्या मात्रेंत दिलीं जात. ठिसूळ हाडांसाठीं देतात त्या मात्रेंत हा अपाय वर्षास दहा हजारांत एकास किंवा त्याहूनहि कमी जणांस होतो. खबरदारी सोपी आहे: औषध सुरू करण्यापूर्वीं दांत दाखवावे, काढावयाचे ते आधींच काढून घ्यावे, आणि पुढें दंतवैद्याकडे जातांना या औषधाचें नांव आवर्जून सांगावें.

मांडीच्या हाडाविषयींची भीति अधिक लक्ष देण्याजोगी आहे, कारण ती आपल्या वंशाशीं निगडित आहे. बरींच वर्षें औषध घेतलेल्या कांहीं स्त्रियांचें मांडीचें हाड किरकोळ आघातानें आडवें मोडतें. कॅलिफोर्नियांतील सुमारें दोन लक्ष स्त्रियांचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा कीं, आशियाई वंशाच्या १०,००० स्त्रियांनीं तीन वर्षें औषध घेतलें तर खुब्याचे ९१ अस्थिभंग टळतात, आणि औषधामुळें मांडीचे असे ८ घडतात. गोऱ्या स्त्रियांत हेच आंकडे १४९ आणि २ आहेत. म्हणजे आपल्याकडील स्त्रियांस लाभ कांहींसा कमी व धोका कांहींसा अधिक. तरी पारडें लाभाकडेच झुकतें. हा धोका वर्षांगणिक वाढतो व औषध थांबविल्यावर लवकर उतरतो. म्हणूनच गोळी पांच वर्षें, किंवा शिरेवाटेचें औषध तीन वर्षें झाल्यावर, पुढें चालवावयाचें कीं कांहीं काळ थांबवावयाचें, याचा डॉक्टरांशीं विचार करावा. मधल्या काळांत मांडीत किंवा जांघेंत ठसठस सुरू झाली तर ती संधिवातावर ढकलूं नये.

एका औषधाविषयीं मात्र उलट सावधगिरी हवी. डेनोसुमॅब हें दर सहा महिन्यांनीं त्वचेखालीं टोंचतात. तें आपल्या मनानें बंद केलें, वा पुढची सुई लांबली, तर दबलेली झीज उसळी घेते आणि एकामागून एक मणके मोडूं शकतात. तें बंद करावयाचेंच असेल तर त्याच्या जागीं दुसरें औषध सुरू करावें लागतें.

आतां जाऊबाईंच्या डब्यांकडे वळूं. हीच कसोटी त्यांसहि लावली पाहिजे. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३२७० स्त्रियांवर झालेला प्रयोग १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ८०० एकक 'ड' जीवनसत्त्व दिलें असतां दीड वर्षांत खुब्याचे अस्थिभंग शेंकडा ४३ नें घटले. त्या स्त्रियांच्या अंगीं दोहोंचाहि तुटवडा होता, हें ध्यानीं ठेवावें. उलट अमेरिकेंत ३६,२८२ सामान्य स्त्रियांवर झालेल्या, २००६ सालच्या प्रयोगांत खुब्यावर निर्विवाद परिणाम दिसला नाहीं. मूतखडे मात्र शेंकडा १७ नें वाढले. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांहून अधिक निवडक नव्हे तर सर्वसामान्य स्त्रीपुरुषांच्या प्रयोगांत नुसत्या 'ड' जीवनसत्त्वानें अस्थिभंग घटले नाहींत. आणि ऑस्ट्रेलियांत वर्षांतून एकदांच पांच लक्ष एककांची मात्रा घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया तर अधिक पडल्या व त्यांचीं हाडें अधिक मोडलीं. निष्कर्ष हाच कीं, उणीव असेल तेथें भरून काढल्यानें लाभ होतो. उणीव नसतां भर घातल्यानें होत नाहीं. ६०,००० एककांची पुडी सहसा आठवड्यास एक अशी कांहीं आठवडेच घ्यावयाची असते. ती तशीच महिनोन्महिने चालूं राहिली तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, भ्रम आणि मूत्रपिंडास इजा होऊं शकते.

हाडसांधी ही आपल्याकडची जुनी वनस्पति. परंतु तिच्या सेवनानें वृद्धांचे अस्थिभंग घटतात असें दाखविणारा मोठा प्रयोग झालेला नाहीं. प्रवाळ व शंख यांचें मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दुकानांतील स्वस्त गोळींत असतें तेंच. गोळी, भस्म व शक्तिवर्धक भुकटी एकदम चालूं असली तर तिन्हींतील कॅल्शियमची बेरीज करावी.

वऱ्हाडांतील घरांनीं आणखी एक गोष्ट विसरूं नये. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षें ऐकूं येतात. परतवाडा त्या पट्ट्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशीं. परंतु दर्यापुराकडील माहेर-सासर असलेलीं घरें तेथें थोडीं नाहींत. मूत्रपिंड फार दुबळें असेल तर अ‍ॅलेंड्रोनेट व झोलेड्रॉनिक आम्ल देत नाहींत. डेनोसुमॅबनें रक्तांतील कॅल्शियम धोक्याइतकें उतरूं शकतें. आणि कॅल्शियमच्या गोळ्याहि मनमानेल तशा घेतां येत नाहींत. म्हणून क्रिअ‍ॅटिनिन, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व यांची रक्त-तपासणी आधीं करून घ्यावी.

तेव्हां परतवाड्याच्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे. ज्यांचा मणका दबला आहे व मनगट मोडलें आहे, त्यांचें नुसत्या पूरक गोळ्यांवर भागणार नाहीं. त्यांनीं औषध सोडूं नये. डॉक्टरांस जळजळ सांगून घेण्याची रीत सुधारावी किंवा प्रकार बदलावा, आणि उणीव असल्यास कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व जोडीस घ्यावें. याच्या उलट, एखाद्या ५२ वर्षांच्या सूनबाईंची घनता थोडीशी उतरली आहे, हाड कधीं मोडलेलें नाहीं व दुसरा विकार नाहीं, तर भीतीपोटीं त्यांनीं लगेच औषध सुरू करण्याचें बहुधा कारण नसतें. त्यांनीं आहार, ऊन व व्यायाम सांभाळून कांहीं वर्षांनीं तपासणी पुन्हां करावी.

आहाराचा हिशेब कठीण नाहीं. दिवसास १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे. आपल्या ज्वारीच्या भाकरींत तें फार थोडें, शंभर ग्रॅम पिठांत ३० मिलिग्रॅमहूनहि कमी. नाचणींत तितक्याच पिठांत ३५० च्या आसपास. दूध-दही दोन मोठे पेले म्हणजे सुमारें ५०० मिलिग्रॅम. शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, नाचणीची एक भाकरी, एवढ्यानें उरलेला बराचसा भाग भरतो. जितकें कमी पडेल तितकेंच गोळीनें भरावें.

उन्हाची खूण सांवलीवरून ओळखावी: आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड पडूं लागली म्हणजे त्वचेंत 'ड' जीवनसत्त्व चांगलें तयार होतें. परतवाड्यास वैशाखांत ही वेळ सकाळीं साडेनऊपूर्वींच येते, तेव्हां दुपारच्या रखरखाटांत बसण्याचें प्रयोजन नाहीं. मार्गशीर्षांत मात्र भर दुपारींच बसावें. हातपाय उघडे ठेवावे. खिडकीच्या कांचेआडून आलेलें ऊन या कामीं व्यर्थ आहे.

शेवटीं, पडलें नाहीं तर बहुतेक हाडें मोडतहि नाहींत. न्हाणीघरांत भिंतीस एक दांडी, उंबऱ्याशीं रात्रींचा दिवा, तेल सांडलेली फरशी त्याच वेळीं पुसणें, आणि रोज दहा वेळां हाताचा आधार न घेतां खुर्चीवरून उठण्याचा सराव, एवढें कोणत्याहि घरास साधण्याजोगें आहे. मिश्रीची संवय असेल तर ती सुटावी. आणि दुधाच्या हिशेबाच्या वहींत एक पान आजीबाईंच्या नांवें ठेवावें: औषध सुरू झाल्याची तारीख, दांत दाखविल्याची तारीख, शेवटच्या क्रिअ‍ॅटिनिनचा आंकडा, आणि पांच वर्षांनंतरची ती तारीख, ज्या दिवशीं "आतां हें औषध थांबवावें काय?" असें डॉक्टरांस विचारावयाचें आहे. तें पान सांभाळण्याचें काम घरांतील कोणा एकाकडे नेमून द्यावें.