झोपेचीही मोजदाद हवी

मे 2021 मध्ये, करोनाची तिसरी लाट मुलांना गाठेल या भीतीने, महाराष्ट्रात बालरोगतज्ज्ञांचे कृती दल स्थापन झाले. खाटा, प्राणवायू, व्हेंटिलेटर यांची चर्चा झाली. त्या खाटांशेजारी जागणाऱ्या परिचारिका आणि निवासी डॉक्टरांच्या झोपेचा विषय मात्र मागेच राहिला.

बालविभागात औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकले, की मात्रा दहापट होते. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सलग 17 तास जागलेल्यांची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी खालावलेली आढळली. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे.

साथीत त्यावर चिंतेची भर पडते: संसर्ग आपल्याच लेकरांपर्यंत पोहोचला तर? चिंता झोप उडवते. अपुरी झोप चिंता वाढवते. हे चक्र केवळ समुपदेशनाने तुटणार नाही. त्यासाठी कामाच्या पाळ्याच बदलाव्या लागतील. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः 12 तासांपलीकडे जाऊ नये, हा केंद्राचा निर्देश 1992 पासूनचा आहे.

22 मार्च 2020 रोजी देशाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या साथीआधी त्यांना पुरेसे मनुष्यबळ द्यावे. परिचारिकेची झोप हा आजारी मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.