फराळाबरोबर खून

दिवाळीत चकली मोडता मोडता मोबाइलवर खुनाचा पॉडकास्ट ऐकण्याची रीत घरोघर पडली आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला खून निदान खोटा असे. आता तो खराच लागतो, आणि न उलगडलेला म्हटला की अधिक चविष्ट!

आमच्या जालन्याच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातले मानवतच घ्या. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडीत होती, तेव्हा तिथे कोवळ्या मुलींचे व बायकांचे खून सुरू झाले. १९७४ च्या जानेवारीपर्यंत ते चालले. रमाकांत कुलकर्णींनी तपास केला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लागला. मग ‘गूढ’ उरले कोठे? निवेदकाच्या घोगऱ्या आवाजात!

पिंपळ, गुप्तधन, नरबळी हे तो चवीने सांगतो. परंतु ज्या बाईला तो चेटकीण म्हणून घरोघर हिंडवतो, तिच्याविरुद्धचा पुरावा वरच्या न्यायालयात टिकला नाही आणि ती सुटली, हे सांगताना त्याचा घसा नेमका बसतो. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुष्टी हवी, हा नियम वकील आजही याच खटल्यावरून सांगतात. न्यायमूर्तींनी पुष्टी मागितली. आपण मात्र पुढचा भाग मागतो!

आणि त्या मुली? त्यांतल्या एकीचे तरी नाव श्रोत्याला आठवते काय? त्यांच्या पाठची भावंडे आज साठीच्या घरात असतील. तुमच्या मोबाइलमधला तो आवाज त्यांच्याही ओसरीवर पोचतो.