कुत्रा तुमचा, आणि उचलायचं मावशींनी?

मीरा रोडला 'लॉन' म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे भांडण केवढ्याशा जागेवरून आहे ते कळेल. दोन विंगच्या मधली गवताची पट्टी. कडेला चार जास्वंदी, एक सोनचाफा, कुणीतरी हौसेने लावलेली तुळस, दोन सिमेंटचे बाक. बिल्डरच्या नकाशात तिला आरजी म्हणतात. संध्याकाळी मुलं तिथेच खेळतात, आज्या तिथेच बसतात, आणि सकाळी साडेसहाला आणि रात्री अकराला कुत्र्यांना 'खाली' नेतात तेही तिथेच. शांतीनगर असो, पूनम सागर असो की कनकिया, थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच गत.

मग सकाळी सातला ग्रुपवर फोटो पडतो. खाली प्रश्न, "ये किसका डॉगी है?" डॉगी कुणाचाच नसतो. "हमारा तो बाहर जाता है." "कोई स्ट्रे होगा." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे इथे अगदी शब्दशः खरं. मग एक अंकल 'बिल्डिंगमध्ये कुत्रे बंद करा' म्हणतात, एक ताई 'तुम्हाला भूतदया नाही' म्हणते, कुणीतरी कायद्याचं पीडीएफ टाकतं, ते कुणी उघडत नाही. हे दहापर्यंत चालतं. मधल्या वेळात, नऊच्या सुमारास, झाडूवाल्या मावशी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतात, ते उचलतात आणि पुढच्या विंगकडे जातात. ग्रुपवरच्या एकाही मेसेजमध्ये त्यांचं नाव नसतं. त्या ग्रुपवर नाहीतच.

मला वाटतं आपलं सगळं भांडण इथे चुकतंय. कुत्रा हवा की नको हा प्रश्नच नाही. खाली वाकायचं कुणी, एवढाच आहे.

'कुत्रे बंद करा'वाल्यांना आधी सांगते, ते होणार नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 ला पाळीव कुत्रे आणि सोसायट्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. आणि मंडळी, आपल्या विषयाचं कलम म्हणजे शी उचलली नाही म्हणून सोसायटीने परस्पर दंड लावायचा नाही. विनंती करायची, जागा ठरवून द्यायची, वेळ ठरवायची. त्यामुळे नोटीस बोर्डावर 'रु. 1000 दंड' लिहून काही होत नाही. लावला तर भरणारा भरत नाही, आणि मेंटेनन्सच्या बिलात घातला तर तो वाद उपनिबंधकांच्या दारात जातो.

पण त्याच सूचनांमध्ये मालकांनी आपल्या कुत्र्याची घाण साफ करावी असा सल्लाही दिलाय. ग्रुपवर पीडीएफ टाकणारे हे पान सहसा वगळतात. दंड नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा कुणी काढला?

दंडाचा अधिकार महापालिकेला आहे. दहिसर चेकनाक्यापलीकडे मुंबईत 2006 च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याने सार्वजनिक जागी केलेली घाण न उचलणाऱ्या मालकाला 500 रुपये दंड ठेवला होता. तरी लिंक रोडच्या फुटपाथवर चालून बघा, खाली बघतच चालावं लागतं. पावती फाडायला सकाळी साडेसहाला माणूस उभा नसेल तर उपविधी कागदावरच राहतो. आणि सोसायटीच्या गेटच्या आत तर तो माणूस येणारच नाही.

आता आपले घरगुती उपाय. तळमजल्यावरच्या खिडक्यांखाली रांगेने लाल पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. कुत्रा त्या रंगाला घाबरतो म्हणे. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल रंग आपल्याला दिसतो तसा दिसतच नाही. आमच्याकडे एका लॅब्रॅडोरने त्यातल्याच एका बाटलीवर पाय वर केला. त्या बाटलीतल्या पाण्याचा खरा उपयोग सांगू? कुत्र्याच्या लघवीत नायट्रोजन फार, म्हणून गवत जळून गोल पिवळा डाग पडतो. लगेच वर पाणी ओतलं तर डाग पडत नाही किंवा फिका पडतो. म्हणजे बाटली खिडकीखाली नको, कुत्रा फिरवणाऱ्याच्या हातात हवी.

मिरची पूड, फिनाईल, डांबराच्या गोळ्या हे मात्र करू नका. डांबर गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर विष आहे, आणि आपलीच पोरं त्या गवतात लोळतात. रागाच्या भरात कुणी जाणूनबुजून विष घातलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एक जण म्हणाले, "अहो, खतच होतंय की झाडांना." नाही होत. शेणाने अंगण सारवलेल्या घरांतून आपण आलोय, म्हणून हा घोळ. गाय गवत खाते. कुत्रा मांसाहारी प्राणी, त्याची विष्ठा तशी मातीत टाकण्यासारखी नसते, तिच्यात जंत असतात. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधत नाहीत, मातीत दोनेक आठवड्यांनी ती बाधण्याजोगी होतात आणि मग महिनोन् महिने टिकतात. म्हणून त्याच दिवशी उचलणं महत्त्वाचं. हाताला माती लागलेलं मूल तोंडात बोट घालतं, बस. पावसाळ्यात लेप्टोची भीती वेगळी, ती लघवीतून पाण्यात जाते आणि पायाच्या जखमेतून अंगात. 2005 च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलंय. उंदराप्रमाणे कुत्राही त्यात येतो, म्हणून कुत्र्याच्या लसींमध्ये लेप्टोची लस असते. रेबीजचा मात्र शीशी संबंध नाही, उगाच घाबरवू नका.

बरं, रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? त्यांना मालक नाही, त्यांचं निर्बीजीकरण-लसीकरण महापालिकेकडे, 2023 चे नियम त्यासाठी आहेत. तो वेगळा विषय आहे. पण पट्टा बांधलेल्या कुत्र्याची घाण त्यांच्या खात्यावर टाकू नये.

आता जरा अवघड बोलते. पाच लाखांची गाडी पुसायला आपण स्वतः कपडा घेऊन उभे राहतो. बाळाचं डायपर बदलतो. आजारी माणसाचं बेडपॅन उचलतो. मग ज्याला 'माझा बच्चा' म्हणतो त्याचं उचलताना लाज कुठून येते? वासाची नाही ती. 'हे काम आपलं नाही' ही ती लाज, आणि कुणाचं ते आपल्याला शाळेत न शिकवताही माहीत असतं. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम द्या म्हणून त्यांनी हट्ट धरला, आणि सरकार ते देईना, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजीही त्यांच्यासाठी उपाशी राहिले. माणसाचा मैला उचलायला मिळावा म्हणून हे सगळं. नव्वद वर्षांनी आपण, तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरलेले, आपल्याच कुत्र्याचं उचलायला मावशींची वाट बघतो.

बऱ्याच घरांत तर मालक उतरतही नाही. फिरवणारा मुलगा येतो, महिन्याचे पैसे घेतो, एकाच वेळी तीन-तीन पट्टे हातात. त्याला दोष देऊ नका. उचलायचंय हे त्याला सांगितलेलंच नसतं, कागद दिलेला नसतो, त्याचे पैसे ठरलेले नसतात. ते ठरवणं मालकाचं काम.

जमतं का हे? न्यूयॉर्कने 1978 साली मालकाने उचललंच पाहिजे असा कायदा केला तेव्हा तिथेही लोक हसले होते. आज तिथे खिशात पिशवी नसलेला मालकच ओशाळतो. त्याहून मजेचं स्पेनमधलं. माद्रिदजवळ ब्रुनेते नावाचं गाव आहे. 2013 मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी मालकांशी गप्पा मारून कुत्र्याचं नाव आणि जात काढून घेतली, गावच्या नोंदवहीत पत्ता शोधला, आणि ती शी डब्यात बांधून 'हरवलेली वस्तू' म्हणून घरपोच केली! गावात घाण झपाट्याने कमी झाली. तसं पार्सल करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे त्यावरून पोलीस चौकी होईल. पण त्यांना ते जमलं कारण कुठला कुत्रा कुणाचा हे लिहून ठेवलेलं होतं. आपल्या सोसायटीत गाड्यांचे नंबर लिहिलेले असतात, कुत्र्यांची नोंद किती ठिकाणी आहे?

सामान फार लागत नाही. प्लास्टिकची पिशवीही नको, राज्यात कॅरीबॅगवर 2018 पासून बंदी आहे. रद्दीतल्या पेपरचं एक पान, त्यात उचलायचं, घरी आणून संडासात टाकून फ्लश करायचं, कागद कचऱ्यात, हात साबणाने. दोन मिनिटं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, सोसायटीत खत होत असेल तर सगळंच वाया जातं.

आणि सोसायटी काय करू शकते? मालकाला दंड लावता येत नाही, पण मावशींना कुठलं काम सांगायचं हे सोसायटीच ठरवते. त्यांच्या ठेकेदाराशी झालेल्या करारात झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं आहे. आमच्या करारात कुत्र्यांचं उचलणं कुठेच नाही, मी वाचलाय. ते फक्त गृहीत धरलंय. ते गृहीत धरणं ठरावाने बंद करा. मग ते तिथेच पडेल, आणि वॉचमन इंटरकॉमवर घरी फोन करेल, "मॅडम, नीचे आइए." दोन आठवडे आरडाओरडा होईल, होऊ दे. सोबत बागेचा एक कोपरा कुत्र्यांसाठी राखून द्या, नाहीतर ती मंडळी म्हणतील आम्ही जायचं कुठे, आणि ते बरोबरच असेल.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. विषयपत्रिकेत दोन ओळी पुरतात. पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवणे, आणि त्यांची विष्ठा उचलणे हे सफाई कामगारांच्या कामात न धरणे. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, तेव्हा पत्र त्याआधी सेक्रेटरींच्या हातात पडलं पाहिजे. मी माझं काल दिलं, पोच घेतलीय.