घर आपले, भूमी परक्याची

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पंचावन्न वर्षांवरील नागरिकांसाठी राखलेल्या ज्या वसाहती आहेत, त्यांतील कारखान्यात बांधून चाकांवरून आणलेली जुनी घरे काढून त्या जागी नवी बसविण्याचा उपक्रम सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वागतार्हच होय. १५ जून १९७६ रोजी अमलात आलेल्या केंद्रीय बांधकामसंहितेपूर्वी अशा घरांना देशभर एकच असा दंडक नव्हता; आणि ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लॉरिडात त्यांची जी धूळधाण केली, तिच्यानंतर १९९४ साली वाऱ्याच्या माऱ्यासंबंधीचे नियम कडक झाले. घराला जमिनीशी जखडून ठेवणारे पोलादी पट्टे गंजले म्हणजे भिंती कितीही रंगविल्या तरी व्यर्थ.

मात्र येथे घर रहिवाशाचे असले, तरी त्याखालची जमीन बहुधा वसाहतमालकाची असते व तिचे भुईभाडे दरमहा भरावे लागते. जुने घर हलविण्याचा खर्च पुष्कळदा त्याच्या किमतीहून अधिक. म्हणून एखाद्या वृद्ध विधवेने वाढते भाडे निमूटपणे सोसावे, नाही तर मिळेल त्या मोलाला घर टाकून जावे, एवढेच तिच्या हाती उरते. भाडेवाढीपूर्वी ९० दिवसांची नोटीस देण्याचे बंधन तेथील कायद्यात आहे खरे, पण ठराविक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला तेवढ्या मुदतीत दुसरा आसरा कोठून मिळणार?

म्हणून घरे बदलताना वसाहतमालकाने जुन्या घराचे वाजवी मोल रोख चुकते करावे, आणि नवे घर घेणाऱ्या जुन्या रहिवाशाची भुईभाड्याची कबुलायत पूर्वीच्याच दराने कायम राखावी, अशी अट राज्याच्या विधिमंडळाने विनाविलंब घालावी.