विरघळले म्हणजे शुद्ध झाले काय?

मीठ व वाळू यांचे मिश्रण वेगळे करावयाचे झाल्यास तुम्ही काय कराल? पाणी घालाल, गाळाल आणि गाळलेले पाणी आटवाल. मीठ हाती येईल. आता वाळूऐवजी साखर मिसळली आहे असे समजा. मीठही विरघळेल आणि साखरही! मग गाळणीचा काय उपयोग?

टाकाऊ प्लॅस्टिक विद्रावकात विरघळवून पुन्हा मिळविण्याच्या पद्धतींचा आज बराच गाजावाजा होत आहे. त्यांचा विचार करताना हा साधा प्रयोग ध्यानात ठेवावा, असे माझे मत आहे.

इटलीतील फेरारा येथे २००२ साली ‘व्हिनिलूप’ हा कारखाना सुरू झाला. विजेच्या तारांवरील पीव्हीसीचे आवरण तेथे विद्रावकात विरघळवीत, न विरघळलेला कचरा गाळून काढीत आणि वाफेच्या साहाय्याने पीव्हीसी पुन्हा घनरूपात आणीत. रेणूंच्या लांब साखळ्या न तुटता परत मिळत. कल्पना नामी होती. परंतु पीव्हीसी लवचीक व्हावे म्हणून त्यात थॅलेट जातीची द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांपैकी काही प्रजननशक्तीला घातक आहेत. मिठाबरोबर साखर यावी, तशी तीही पीव्हीसीबरोबर परत येत. युरोपात अशा द्रव्यांवरील निर्बंध कडक झाले, ती वेगळी काढणे जमेना आणि २०१८ मध्ये कारखाना बंद पडला.

मग साखळ्याच तोडाव्यात, असे तुम्ही म्हणाल. तेही शक्य आहे. पाणी ३७४° सेल्सिअसच्या वर तापविले आणि दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक वाढविला, तर ते धड द्रव राहत नाही आणि धड वाफही होत नाही. या अतिक्रांतिक अवस्थेत, एरवी तेलाशी न जमणारे पाणी तेलाला आपल्यात सामावून घेते. पॉलिथिनच्या साखळ्या तुटून त्यांचे तेल बनते. इंग्लंडमधील टीसाइड येथे २०२३ साली या तत्त्वावरील कारखान्याचे उद्‌घाटन झाले. पण एवढी उष्णता व एवढा दाब फुकट मिळत नाही. शिवाय त्यात पीव्हीसी शिरले, तर त्यातील क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि यंत्राचा धातू झिजवते. म्हणजे कचरा निवडणे येथेही चुकत नाही.

या पद्धती निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. त्या हव्यातच. परंतु मिसळणे सोपे आणि वेगळे करणे खर्चाचे, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणताही विद्रावक मोडू शकत नाही. म्हणून वस्तू घडवितानाच विचार व्हावा. घातक द्रव्ये टाळावीत, एका वेष्टनात एकच प्लॅस्टिक वापरावे आणि ते कोणते हे स्पष्ट छापावे.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, ३ म्हणजे पीव्हीसी. घरातील किती वस्तूंवर तो सापडतो, ते मोजून पाहा. ज्यांवर नाही, त्या कचरा निवडणाऱ्याने कशा ओळखाव्यात, असे उत्पादकाला पत्र लिहून विचारण्याचा हक्क तुम्हांला आहे.