साठ हजारांची पावती



दशलक्षण पर्व संपलं, पारणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी कागदांची पिशवी काढून बसले. २०२५ मध्ये आयकर विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, त्यामुळे पर्व आणि हिशेब एकाला एक लागून आले. बरंच झालं. आठव्या दिवशी ऐकलेला ‘उत्तम त्याग’ अजून कानात होता.

इथे जांब्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. बिलं, बँक, कामगारांचे पगार हे सगळं मीच बघते. मार्चमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. एका ट्रस्टला साठ हजारांचा चेक द्यायचा, ट्रस्ट ८०जीची पावती देणार आणि आठ दिवसांत सत्तावन्न हजार रोख परत. “सगळेच करतात ताई, आणि वर दानाचं पुण्य!”

हे काही बोलले नाहीत. खरं सांगते, मीही लगेच नाही म्हटलं नाही. मुलाच्या फीचा हप्ता डोळ्यांसमोर होता. मग मागच्या पानावर आकडे मांडले. अशा ट्रस्टला दिलेल्या रकमेची निम्मीच वजावट मिळते, म्हणजे तीस हजार. घराच्या कर्जामुळे आम्ही अजून जुन्या करप्रणालीत आहोत, टप्पा वीस टक्क्यांचा. उपकर धरून कर वाचणार ६,२४० रुपये. त्यातले तीन हजार त्यांचे. आमच्या हाती ३,२४०.

पण मला जास्त खुपलं ते दुसरंच. ट्रस्टच्या वहीत ते साठ हजार कुठे दाखवणार? कुणीतरी ‘वह्यावाटप’ लिहिणार, ‘औषधे’ लिहिणार. त्या वह्या कुठल्याच मुलाच्या हाती पडलेल्या नसणार. आपण फक्त सरकारला फसवतो असं वाटतं, पण नाव त्या मुलांचं वापरलेलं असतं. आम्ही नाही म्हणून कळवलं.

पुढे १४ जुलैला आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी खोट्या वजावटींची तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. ८०जीच्या देणग्या त्यांच्या यादीत होत्याच. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून विवरणपत्रं सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचंही खात्याने सांगितलं. चुकीची माहिती दिली असं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड. म्हणजे ३,२४० साठी १२,४८० दंड, शिवाय मूळ कर आणि व्याज!

आपल्यासाठी हे काही नवीन नाही खरं तर. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत घोकलेत ना? त्यातला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ शिकवताना आमच्या बाई कर चुकवण्याचंच उदाहरण द्यायच्या. दुसऱ्याला चोरीला लावणं हा स्तेनप्रयोग, तोही त्याच यादीत. फोन करणाऱ्या गृहस्थांनी तो धडा बहुतेक बुडवला असावा.

आता थोडं आपल्याच घरातलं बोलते, राग मानू नका. मंदिराचे कार्यकर्ते पॅन मागतात तेव्हा आपण नाक मुरडतो. “आमचं गुप्तदान आहे,” म्हणतो आणि मार्चमध्ये पावती मात्र मागतो. गुप्तदान लोकांपासून गुप्त ठेवावं, वहीपासून नाही. नाव फलकावर नको म्हणणं वेगळं. देणगीदारांची माहिती ट्रस्टला ३१ मेपर्यंत १०बीडी या फॉर्ममध्ये भरावी लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. नोकरी सांभाळून रात्री हे काम करणारी माणसं आपलीच असतात. मला वाटतं, पर्वातल्या दहा प्रवचनांतला अर्धा तास कमिटीने एखाद्या सीएला द्यावा.

तोवर मला माहीत असलेलं सांगते. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही, तेव्हा आधी आपली प्रणाली बघा. रोख देणगी दोन हजारांपर्यंतच चालते; शुभ आकडा म्हणून २,१०१ रोख दिले तर पूर्ण रक्कम बाद. धान्य, डाळ, ब्लँकेटं दिली तर पुण्य आहे, वजावट नाही. एकाच समाजासाठी असलेल्या ट्रस्टला सहसा ८०जी मिळत नाही, हे आपल्या पुष्कळ संस्थांना लागू आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराचंही, सरकारने त्या मंदिराची अधिसूचना काढली असेल तरच. आणि नुसत्या छापील पावतीवर जाऊ नका, १०बीई हे प्रमाणपत्र मागा.

आमचंच सांगते. जानेवारीत एका गोशाळेला २,१०१ रुपये यूपीआयने दिले होते. मे संपला तरी १०बीई आलं नाही. फोन केला तर तिथले काका म्हणाले, “ताई, तुमच्या पॅनचं एक अक्षर चुकलंय आमच्याकडून.” त्यांनी दुरुस्ती भरली, पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. काल तेही विवरणपत्रात टाकलं. कर वाचला २१८ रुपये. हे हसले, पण प्रमाणपत्राची प्रिंट काढून त्यांनीच फाइलला लावली.